मसुरीत आधी उतार लागतो

मागच्या अंकात मसुरीच्या पायवाटांचा ओझरता उल्लेख केला आणि नको ते ओढवून घेतलं. पत्रांचा गठ्ठा आला. नोकरीच्या निमित्तानं मी सहा वर्षं डेहराडूनला होते. त्या काळातले बहुतेक रविवार मसुरीत गेले. निवृत्त होऊन साताऱ्याला परतले तरी वर्षाआड एक फेरी होतेच. एक गुडघा कुरकुरतो, दुसरा त्याला साथ देतो. तेव्हा खालची उत्तरं ट्रेकरची नाहीत, चालणाऱ्या बाईची आहेत, हे लक्षात ठेवून वाचा.

ताई, आम्ही दोघं इचलकरंजीचे. मी पंचावन्न, हे साठ. रोज सकाळी तासभर सपाटीवर चालतो, एवढाच सराव. ऑक्टोबरात चार दिवस मसुरीला जातोय. हिमालय अजून पाहिलेला नाही. गाडीतून 'पॉइंट' बघत फिरायचं नाही असं ठरवलंय, पण सुरुवात कुठून करायची?

सुरुवात गावाचा नकाशा समजून घेण्यापासून करा. आपल्याकडे गाडी पायथ्याच्या गावात थांबते. ताज्या दमाचे पाय गड चढतात आणि दमलेले पाय उतरतात. खाली पिठलं-भाकरी वाट बघत असते. मसुरीत सगळं उलटं आहे. गाव वसलंय डोंगराच्या कण्यावर, तिकडच्या भाषेत 'धारे'वर, साधारण २,००० मीटर उंचीवर. दक्षिणेला खाली दून खोरं, उत्तरेला अगलार नदीचं खोरं आणि त्याच्यापलीकडे बर्फाची रांग. म्हणजे तुमचं हॉटेल गडावर आणि धबधबे, गावं, ओढे सगळे खाली. फिरायला निघालात की पाय आपोआप उतरू लागतात, गप्पा रंगतात, 'अरे, हे तर सोपंय' असं वाटतं. परतताना मात्र दमलेल्या पायांनी चढायचं, तेही दुपार कलल्यावर. नवखे फसतात ते इथेच. माझा हिशेब साधा आहे: उतरायला जेवढा वेळ लागला, त्याच्या दुप्पट चढायला धरायचा. 'किती किलोमीटर?' हा प्रश्न तिथे कुणाला विचारू नका, 'परतायला किती वेळ?' असं विचारा. तरीही पहाडी माणूस 'बस, दस मिनट' म्हणाला तर तुमची पंचवीस धरा.

आता वाटा. पहिल्या संध्याकाळी कॅमल्स बॅक रोड. कुलरी बाजारातल्या रिंकपासून लायब्ररी बाजारापर्यंत तीन किलोमीटर, जवळजवळ सपाट, डोंगराच्या उत्तर अंगानं. वाटेत उंटाच्या मदारीसारखा खडक आहे, त्यावरून हे नाव पडलं. जुनी इंग्रज दफनभूमीही लागते. या रस्त्यावर काही मिळवायचं नसतं. नुसतं चालायचं आणि आपला श्वास कसा चालतोय ते ऐकायचं. इचलकरंजीतून निघून दोन हजार मीटरवर आलेल्या माणसाला पहिल्या दिवशी थोडी धाप लागते. त्याला घाबरू नका, पण दुसऱ्या दिवसाचा बेत त्यावरून ठरवा.

दुसऱ्या दिवशी लंढौर. मॉल रोडच्या टोकाच्या पिक्चर पॅलेसपासून लंढौर बाजारातून वर निघालात की चांगलाच खडा चढ आहे, विशेषतः मलिंगारच्या पुढे. हे मलिंगार म्हणजे कॅप्टन यंगचं घर. १८२०च्या दशकात मसुरीचा पाया त्यानंच घातला. चढ जमणार नसेल तर 'चार दुकान' नावाच्या ठिकाणापर्यंत टॅक्सीनं जा, त्यात कमीपणा काही नाही. खरी मजा तिथून पुढे सुरू होते. लंढौरचा 'चक्कर' हा देवदारांमधून जाणारा, इंग्रजी आठच्या आकाराचा रस्ता आहे. चार दुकान, लाल टिब्बा, केलॉग चर्च, सिस्टर्स बाजार, पुन्हा चार दुकान. हळूहळू चालत, थांबत, अडीच तास लागू द्या. १८२७पासून लंढौर ही आजारी गोऱ्या सैनिकांना बरं करायची जागा होती. त्यामुळे इथले रस्ते आजाऱ्याला झेपतील असेच आखलेले वाटतात. टिब्बा म्हणजे टेकाडाचा माथा. लाल टिब्ब्यावरून ऑक्टोबरच्या स्वच्छ सकाळी बंदरपूंछ, स्वर्गारोहिणी आणि दूर उजवीकडे केदारनाथ, चौखंबा दिसतात. बंदरपूंछ ६,३१६ मीटर, चौखंबा ७,१३८. पण हे नऊच्या आत बघायचं, नंतर खोऱ्यातून धुकं चढतं. गच्चीवरच्या दुर्बिणीतून बघायचे पैसे देऊ नका, डोळ्यांना पुरेसं दिसतं. हे माझं मत. आमच्या यजमानांनी दरवेळी पैसे दिले.

तिसऱ्या दिवशी खालच्या उत्तरांतली एखादी वाट निवडा. चौथा दिवस मोकळा ठेवा, पोटऱ्या त्याचे आभार मानतील.

एक बारीक गोष्ट. डेहराडूनला रेल्वे स्टेशनाला लागूनच मसुरीच्या बसचा स्टँड आहे. बसमध्ये चढण्याआधी 'लायब्ररी की पिक्चर पॅलेस?' हे विचारा. मॉल रोडची ही दोन टोकं आहेत. लंढौरला राहणार असाल आणि लायब्ररीला उतरलात, तर बॅगा घेऊन अख्खा मॉल रोड तुडवावा लागेल. आम्ही पहिल्यांदा तो तुडवला होता.

मॅडम, मी ठाण्याचा, वय २६. हरिश्चंद्रगड, राजगड, कळसूबाई झालेत, कळसूबाई तर दोनदा. तुमचे 'सोपे' रस्ते आजी-आजोबांसाठी ठीक आहेत. मला नाग टिब्बा एका दिवसात मसुरीहून करून यायचंय. होईल ना?

होईल. पण 'ना' कशाला जोडलात?

कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे मसुरीत तुम्ही झोपाल तेव्हाच महाराष्ट्राच्या माथ्यापेक्षा वर असाल. त्यात पराक्रम काही नाही, एवढंच सांगायचंय. नाग टिब्बा ३,०२२ मीटर आहे. नेहमीची वाट पंतवाडी गावातून जाते आणि चढ दीड हजार मीटरच्या वर आहे. बारी गावातून कळसूबाईचा चढ नऊशेच्या आसपास, म्हणजे दीड कळसूबाई आणि वर थोडं. त्यात मसुरीहून पंतवाडीला गाडीनं दोन-अडीच तास, यमुनेच्या पुलावरून नैनबागमार्गे. पहाटे चारला निघालात, पाय दमदार असले आणि हवा चांगली असली तर दिवेलागणीला परत याल. बहुतेक लोक वर एक रात्र तंबूत काढतात, ते मूर्ख नाहीत.

तुमच्यासारख्यांना मी तीन गोष्टी सांगते. एक, सह्याद्रीत उन्हाळ्यात जी वाट दिसते तीच हिवाळ्यातही दिसते. तिकडे डिसेंबर ते मार्च बर्फानं वाट बुजते आणि खुणा दिसत नाहीत, तेव्हा गावातला माणूस बरोबर हवाच. दोन, माथ्याकडे पाण्याची शाश्वती नाही, खालूनच भरून घ्या. तीन, अडीच हजार मीटरच्या वर काहींना डोकेदुखी, मळमळ सुरू होते. जिममध्ये किती वजन उचलता याचा त्याच्याशी संबंध नाही. डोकं ठणकायला लागलं तर उतरायचं, मित्र चिडवत असले तरी.

आणि एक विनंती. आदल्या दिवशी लंढौरचा चक्कर मारा. आजी-आजोबा भेटतील, त्यांना माझा नमस्कार सांगा.

मी वर्ध्याहून लिहितो. इतिहासाचा निवृत्त शिक्षक आहे. मसुरीत सर जॉर्ज एव्हरेस्ट यांचं घर आहे म्हणतात. चालत जाण्याजोगं आहे का? आणि तिथे बघण्यासारखं काही उरलंय, की नुसतंच नाव?

सर, तुमच्या पत्राची मी वाटच बघत होते, कारण या वाटेचं एक टोक तुमच्या जिल्ह्यात आहे.

आधी वाट सांगते. लायब्ररी चौकातून हाथीपांवच्या दिशेनं सहाएक किलोमीटर. रस्ता गाड्यांचा आहे आणि सुट्टीच्या दिवशी दहानंतर हॉर्न ऐकत चालावं लागतं. म्हणून सकाळी सातला निघा, किंवा हाथीपांवपर्यंत गाडीनं जाऊन तिथून चाला. घर म्हणजे 'पार्क इस्टेट'. माझ्या पहिल्या भेटीत भिंतींवर कोळशानं लिहिलेली प्रेमिकांची नावं होती आणि आत शेळ्या बसलेल्या. आता दुरुस्ती होऊन पांढरंशुभ्र झालंय, तिकीट आहे, गर्दी आहे. मला शेळ्या बऱ्या वाटल्या होत्या, पण इतिहासाच्या शिक्षकानं हे ऐकून घेऊ नये. घराच्या मागून टेकडीच्या माथ्यावर पायवाट जाते, वीस-पंचवीस मिनिटांची, शेवटी जरा घसरडी. तिथे काठी हवी. वर रंगीत पताका फडफडत असतात, एका बाजूला दून, दुसऱ्या बाजूला अगलारचं खोरं आणि मागे बर्फ. शेजारचा डोंगर बिनोगचा.

आता तुमचा जिल्हा. भारताची त्रिकोणमितीय मोजणी विल्यम लॅम्बटननं १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून सुरू केली. वीस वर्षं तो माणूस अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, बैलगाडीतून आणि माणसांच्या खांद्यांवरून नेत, एकेक त्रिकोण जोडत उत्तरेकडे सरकत राहिला. हैदराबादहून नागपूरला जाताना २० जानेवारी १८२३ रोजी तो हिंगणघाटला वारला. तिथेच पुरला. त्याचं अर्धवट काम पुढे नेलं त्याच्या हाताखालच्या एव्हरेस्टनं. तो १८३० ते १८४३ भारताचा सर्व्हेअर जनरल होता. त्यानं ही त्रिकोणांची साखळी हिमालयाच्या पायाशी, या बिनोगपर्यंत आणून पोचवली. म्हणजे हिंगणघाटला एका माणसानं खाली ठेवलेली दोरी दुसऱ्यानं उचलली आणि तिचं दुसरं टोक या टेकडीवरून दिसतं. सर, तुम्ही पताकांपाशी दक्षिणेकडे तोंड करून उभे राहा. माझी हीच विनंती.

शिखराचं म्हणाल, तर मोजणी खात्यातले गणिती राधानाथ सिकदार यांच्या आकडेमोडीतून ते जगात सर्वांत उंच असल्याचं पुढे आलं १८५२च्या सुमारास आणि एव्हरेस्टचं नाव त्याला मिळालं १८६५ साली. तोवर साहेब निवृत्त होऊन इंग्लंडला गेला होता. त्याचा स्वतःचा या नावाला विरोध होता, इथल्या लोकांना ते उच्चारता येणार नाही म्हणून. आपण तर त्याचं टूथपेस्टपासून मसाल्यापर्यंत सगळ्याला नाव देऊन टाकलंय.

वेळ असला तर पुढे क्लाउड्स एंडकडून बिनोगच्या अभयारण्यात जा. रस्ता रुंद, झाड दाट, चढ सौम्य आणि माथ्यावर ज्वालादेवीचं देऊळ. पहाडी लावा नावाचा पक्षी १८७६नंतर कुणाला खात्रीनं दिसलेला नाही. त्याच्या आशेनं अजूनही लोक तिथे दुर्बिणी घेऊन बसतात.

ताई, डोंबिवलीहून लिहितेय. सासूबाई ६८, गुडघेदुखी, पण देवाच्या नावानं कुठेही चढतात. मुलगा आठ वर्षांचा, देवाच्या नावानंही चालत नाही. दोघांना एकाच दिवशी कुठे नेऊ?

सुरकंडा देवी. मसुरीहून धनोल्टीमार्गे कद्दूखालला जा. 'खाल' म्हणजे आपली खिंड. तिथून देऊळ दोनएक किलोमीटरवर, वाट बांधलेली, पण चढ खडा. देऊळ २,७५६ मीटरवर आहे, त्यामुळे सासूबाईंना दर पन्नास पावलांनी बसू द्या. २०२२पासून रोपवे सुरू झालाय. माझा सल्ला: रोपवेनं वर जा आणि पायी उतरणं टाळा, उतारच गुडघ्याला जास्त छळतो. म्हणजे सासूबाई दोन्ही वेळा पाळण्यात आणि तुम्ही मुलाला घेऊन एक बाजू पायी. सतीचं शिर इथे पडलं म्हणून सिरखंडा, त्याचं सुरकंडा झालं, अशी कथा सांगतात. प्रसादात रौंसलीच्या झाडाची पानं देतात. सासूबाई ती देव्हाऱ्यात ठेवतील, माझ्या सासूबाईंनी ठेवली होती. गंगा दशहऱ्याला जत्रा भरते, तेव्हा मुलाला घेऊन जाऊ नका.

मुलासाठी दुसरा पर्याय जबरखेतचं जंगल. लंढौरच्या पुढे, धनोल्टीच्या रस्त्यावर. खासगी राखीव वन आहे, तिकीट घ्यावं लागतं, पाट्या लावलेल्या पायवाटा आहेत. बांज म्हणजे तिकडचा ओक, मार्च-एप्रिलमध्ये बुरांसची लालभडक फुलं, झाडांवर नेचे आणि शेवाळ. मुलाला 'चालायचंय' असं सांगू नका, 'बिबट्याची विष्ठा शोधायचीय' असं सांगा. माझा भाचा त्यासाठी तीन तास एकदाही न कुरकुरता चालला. सापडली कोल्ह्याची.

एकच धोका त्याला आधी दाखवून ठेवा: बिच्छू घास, गढवाली लोक कंडाली म्हणतात. पानाला हात लागला की विंचू चावल्यासारखी आग होते. तासाभरात ओसरते, पण तो तास तुमचा असतो. गंमत म्हणजे तिथले लोक हीच उकडून भाजी करतात, आणि छान लागते.

नमस्कार ताई. मी पुण्याची, २९ वर्षांची, एकटी प्रवास करते. राजपूरहून मसुरीला जाणारी जुनी पायवाट आहे असं ऐकलं. एकटीनं जावं का? आणि तुम्हाला कधी भीती वाटली का?

ही माझी लाडकी वाट. मोटारीचा रस्ता होण्याआधी लोक राजपूरला उतरून तट्टूवर, नाहीतर दांडीत, म्हणजे माणसांनी खांद्यावर वाहायच्या खुर्चीत, बसून याच वाटेनं मसुरीला चढायचे. राजपूरच्या शहनशाही आश्रमापासून सुरू होते आणि झडीपाणीला डांबरी रस्त्याला मिळते. दगडी, वळणावळणाची, दोन-अडीच तासांची. वर पोचलात की रेल्वेची ओक ग्रोव्ह शाळा आहे, १८८८ सालची. तिथून मसुरीला टॅक्सी मिळते, किंवा बार्लोगंजवरून चालत राहा. ही वाट खास आपल्या सवयीची: आधी चढ. वाटेत चहाची टपरी धरून चालू नका, पाणी दोन लिटर घ्या. मे-जूनमध्ये इथे रणरणतं ऊन असतं, कारण उंची कमी.

एकटीनं? रविवारी सकाळी डेहराडूनचे लोक व्यायामाला येतात, तेव्हा जा. मधल्या वारी वाट सुनी असते, तेव्हा मी नाही म्हणेन. हॉटेलात कुठल्या वाटेनं जाणार ते सांगून ठेवा. फोनला मध्ये रेंज जाते.

भीती एकदा वाटली आणि ती माणसाची नव्हती. डेहराडूनला माझा पहिलाच नोव्हेंबर. मी आणि कार्यालयातली एक मैत्रीण, दुपारी साडेतीनला झडीपाणीहून धबधब्याकडे उतरलो. दीड किलोमीटर, काय ते! खाली मजेत बसलो, संत्री सोलली. वर बघितलं तर कडेवरचं ऊन गायब. नोव्हेंबरात तिथे सूर्य सव्वापाच-साडेपाचला मावळतो, आणि खोऱ्यात तर त्याच्या कितीतरी आधी. आपल्याकडच्या सहाच्या हिशेबानं आम्ही निवांत होतो. निम्म्या चढावर अंधार पडला. विजेरी नाही, तेव्हा फोनलाही दिवा नव्हता. मैत्रीण रडायला लागली आणि मी तिला ओरडत होते, म्हणजे मीही रडतच होते. मागून गवताचा भारा चालत आला. भाऱ्याखाली एक बाई, पन्नाशीची, पायात प्लॅस्टिकच्या चपला. थांबली, आमच्याकडे बघितलं आणि म्हणाली, "उतरते वक्त घड़ी नहीं देखी, दीदी?" एवढंच. मग ती पुढे आणि आम्ही तिच्या भाऱ्याच्या वासामागे, रस्ता लागेपर्यंत. मी पैसे पुढे केले, तिनं संत्री मागितली. दोनच उरली होती.

तेव्हापासून माझ्या पिशवीत विजेरी असते, अगदी कॅमल्स बॅकवरही.

पावसाळ्यात गेलो तर? (कोल्हापूर)

जून अखेर ते सप्टेंबर डोंगर हिरवागार असतो आणि दिसत काही नाही. दरडी कोसळतात. गवतातून जळवा चढतात. मिठाची पुरचुंडी जवळ ठेवा, मोजे पँटवर ओढा आणि पक्क्या रस्त्यावरच चाला. कोल्हापूरकरांना पावसाचं मी काय सांगायचं, पण हा डोंगर अंगावर येतो.

हिवाळ्यात 'विंटर लाइन' दिसते म्हणतात, ती काय असते? (नाशिक)

ऑक्टोबरच्या मध्यापासून जानेवारीपर्यंत, सूर्य मावळल्यावर पश्चिमेला क्षितिजाच्या थोडं वर एक सरळ रेघ दिसते, वर केशरी आणि खाली करडी-जांभळी. खालच्या खोऱ्यातली धूळ आणि दमट हवा थंडीनं एका पातळीवर अडकते, तिचा हा वरचा काठ. मॉल रोडवरूनही दिसते, त्यासाठी कुठे चढायची गरज नाही. कॅमल्स बॅकला मात्र कडाक्याच्या थंडीत सकाळी सावलीत बर्फाचा काच साचतो, तिथे जपून.

बूट कोणते घ्यावे? आणि खायला काय न्यावं? (बार्शी)

तुमचे रोजचे, तळाला नक्षी शिल्लक असलेले. नवे बूट तिकडे जाऊन पहिल्यांदा घालू नका, फोड येतात. खायला दशम्या, गूळ, शेंगदाणे. चिवडा नेऊ नका. चिवड्याच्या पिशवीचा आवाज माकडांना अर्ध्या किलोमीटरवरून ओळखू येतो. काळ्या तोंडाचं लंगूर सहसा वाटेला जात नाही, लाल तोंडाचं माकड मात्र सरळ पिशवीला हात घालतं. घातला तर सोडून द्या. बार्शीच्या माणसाला हे जड जाईल, पण सोडा.